मंगलमामी वाळवंटात

माझा रवळूमामा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं मोल्डर होता. वाळूचे साचे दाबून बसवायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्याचं काम. बेळगुंदीहून सकाळी मोटरसायकलवर जायचा आणि परत यायचा तेव्हा कानातसुद्धा काळी वाळू असायची. मंगलमामीनं ती वाळू एकतीस वर्षं कपड्यांतून झटकली. न्हाणीच्या मोरीत वाळू साचून पाणी तुंबायचं, मग मामी सळी घालून मोरी मोकळी करायची.

मार्चमध्ये मामा रिटायर झाला. एप्रिलभर त्यानं फोनवर व्हिडिओ बघितले आणि एक दिवस जाहीर केलं, "मे महिन्यात आपल्या कारनं राजस्थानला जाऊया. वाळवंट बघायचंय मला."

मामी काजू फोडत बसली होती. म्हणाली, "सगळा जन्म तुमची वाळू धुतली. आता परत वाळूच दावतासा व्हय मला?"

मामीला थंड हवेच्या ठिकाणी जायचं होतं. अंगावर शाल घेऊन सकाळचा चहा प्यायचा, एवढीच तिची इच्छा. शेवटी ठरलं ते असं: आधी वाळवंटातली दोन अभयारण्यं, मग परतताना दोन दिवस माउंट अबू.

मामानं एका डायरीत सगळं वेळापत्रक लिहिलं होतं. चहाला दहा मिनिटं, जेवणाला पंचवीस. पहाटे पाचला निघाले. सव्वासहाला निपाणी आली. निपाणी मामीचं माहेर. ती म्हणाली, "हायवेपासून पाच मिनिटांवर घर हाय. शालूवैनीला नुसतं तोंड दावून येते."

"परत येताना बघू. ऊन व्हायच्या आत कराड गाठायचंय."

हे सगळं मामीनं मला परत आल्यावर सांगितलं. ती मला म्हणाली, "तवाच मला कळायला पायजे होतं गं. पण म्हटलं, पहिलाच दिवस हाय, कशाला तोंड वाजवायचं."

एसी लावला की ॲव्हरेज पडतं, म्हणून मामा काचा खाली करून गाडी चालवायचा. गरम वाऱ्यानं मामीचे ओठ फुटले. गुडघे आखडले म्हणून तिनं थांबायला सांगितलं की मामा "पुढच्या पंपावर" म्हणायचा आणि पंप आला की आणखी पुढच्या. गाडीचं पासिंग कर्नाटकचं, दोघांचं बोलणं मराठी. गुजरातेत एका नाक्यावर कागद बघणाऱ्यानं विचारलं, "कन्नड लोग हो?" मामानं त्याला बेळगाव कुठं आहे, तिथं मराठी माणसं कशी राहतात, हे सगळं पंधरा मिनिटं समजावलं. तोवर मामी गाडीच्या तेवढ्याशा सावलीत उकिडवी बसून होती. त्या पंधरा मिनिटांना मात्र डायरीत जागा होती.

कच्छच्या छोट्या रणात रानगाढवं दिसली. लांबवर धुरळा आणि धुरळ्यात आठ-दहा पिवळसर पाठी. मामा भान हरपून व्हिडिओ काढत होता. मामी म्हणाली, "गाढवंच की ही."

मामानं तो व्हिडिओ पुसला आणि मामीला लांब उभं करून नवा काढला.

मामीचं म्हणणं असं की, लग्नाला बत्तीस वर्षं झाली पण दोघं एका जागी सलग तासभरसुद्धा कधी बसली नव्हती. मामाची कारखान्यातली पाळी, शेत, मुलाची म्हणजे सौरवची शाळा, सासूचं आजारपण. आता एकदम दिवसाचे बारा तास शेजारी शेजारी. बोलायला काही सापडायचं नाही, आणि सापडलं की भांडण व्हायचं.

जैसलमेरच्या पुढं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य आहे. आदल्या दिवशी लॉजवाल्यानं सांगितलं होतं की पहाटे जा, तेव्हाच पक्षी दिसतो. पण इतकं अंतर चालवून मामा थकला होता, उठायला आठ वाजले. उशीर झाल्याचा राग त्यानं मामीवर काढला. चौकीवर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथला पहारेकरी हिंदीत म्हणाला, "आता काही दिसणार नाही. संध्याकाळी या."

"मचाण किती लांब?" मामानं विचारलं.

"दीड किलोमीटर."

"चालत जाऊन येतो."

मामी म्हणाली, "जाऊ नगासा. ऊन बघा किती हाय."

"एकतीस वर्षं भट्टीपुढं उभारलोय मी. हे ऊन मला काय करतंय?"

पाण्याची अर्धी बाटली घेऊन तो निघाला. गाडीची किल्ली मामीकडं दिली.

मामी चौकीच्या पत्र्याखाली बसली. तास झाला. सव्वा तास झाला. लांबवर माणूस दिसेना. मामाचा फोन लागेना. तिनं पहारेकऱ्याला उठवलं, तो मोटरसायकल घेऊन गेला. मामा वाटेतच एका काटेरी झुडपाखाली बसलेला सापडला. मोटरसायकलवर कसाबसा बांधल्यासारखा धरून आणला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. मामीकडं बघून म्हणाला, "पाळी बदलली काय?"

मामाला कुठल्या गावात आहोत हेच कळत नव्हतं. पहारेकरी म्हणाला, दवाखाना अठरा किलोमीटरवर आहे, लवकर न्या.

गाडी समोर उभी होती. किल्ली मामीच्या मुठीत होती. पण मामीला गाडी चालवता येत नव्हती आणि पहारेकऱ्यालाही फक्त मोटरसायकल येत होती. त्यानं गावातून जीप बोलावली. ती यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मामी मामाला सावलीत आडवा करून माठातल्या पाण्यानं ओढणी भिजवत होती, ती त्याच्या मानेवर, काखेत ठेवत होती आणि पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

"रडलीस का गं तू?" मामी हे सांगत होती तेव्हा मी विचारलं.

"न्हाय. मला लई राग आलता. त्यांचा बी आणि माझा बी. किल्ली हातात हाय आणि मी नुसती बघत बसल्ये. एवढी बिनकामाची मी कधी न्हवते."

दवाखान्यात दोन सलाईन लागल्या. तिसऱ्या प्रहरी मामा शुद्धीवर आल्यासारखा बोलायला लागला. पहिलं वाक्य, "सौरवला सांगू नको." मामीनं त्याच्यासमोरच पुण्याला फोन लावून पोराला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झोपून राहायचं आणि आठवडाभर गाडी चालवायची नाही.

ते दोन दिवस कूलरच्या खोलीत गेले. मामा छताकडं बघत पडलेला. मामी बत्तीस वर्षांत जे बोलली नव्हती ते तिनं एका दुपारी बोलून टाकलं. निपाणीला न थांबवलेल्या गाडीबद्दल, पुढच्या पंपाबद्दल, आणि तिला न विचारता ठरलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल. मामानं ऐकलं. मग म्हणाला, "झालं काय? पाणी दे."

तिनं पाणी दिलं.

मामीनं लॉजवाल्याच्या ओळखीनं अंजनीलाल नावाचा ड्रायव्हर ठरवला. मामा मागच्या सीटवर आडवा, मामी पुढं. अबूपर्यंत तिनं गाडी सात वेळा थांबवली. दोनदा तर काहीच कारण नव्हतं. मागून मामा पुटपुटायचा, "येळ चाललाय, येळ." अंजनीलालला मराठी येत नव्हती, हे बरंच झालं.

पण अबूतही सुख नव्हतं. घाटात तीन तास गाड्यांची रांग. सुट्ट्यांमुळं बऱ्या खोल्या भरलेल्या. मिळाली ती खोली हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या वर, रात्रंदिवस फोडणीचा वास. तलावाभोवती माणसांना माणसं घासत होती. मामीनं बेळगावच्या गणपत गल्लीतून घेतलेली नवी शाल पिशवीतून काढलीच नाही, एवढं उकडत होतं.

मामा म्हणाला, "हे काय थंड हवेचं ठिकाण? ह्यापेक्षा बेळगुंदी बरी."

खरं तर मामीच्याही मनात तेच आलं होतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी परतीची वाट धरली, अंजनीलाललाच घेऊन.

आता गावात कुणी विचारलं की मामा रानगाढवांचा व्हिडिओ दाखवतो आणि वाळवंटाचं वर्णन करतो. चक्कर आल्याचं सांगत नाही. मग आतून मामीचा आवाज येतो, "दवाखान्याचं बी सांगा की!" मामाचं तोंड वाकडं होतं.

जूनमध्ये चोपन्नाव्या वर्षी मामीनं बेळगावात ड्रायव्हिंग क्लास लावला. मामानं आधी चेष्टा केली, मग विरोध केला, मग नाद सोडला. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना तिनं खांब पाडला आणि नापास झाली. घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या परीक्षेला एक महिना होता, म्हणून मामा रोज सकाळी शेजारी बसून सराव करून घ्यायला लागला.

"क्लच सोड. हळू. अगं हळू! गिअर बघ. म्हस बघ म्हस!"

चौथ्या दिवशी बेळगुंदीच्या अलीकडं मामीनं गाडी बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"उतरा."

"काय?"

"तुम्ही उतरा. तुमच्या वरडण्यानं मला कायबी सुचंना झालंय."

मामा उतरला. मामीनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, दोन हिसके बसले, एकदा इंजिन बंद पडलं. तिनं परत चालू केलं. मामा रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा होता आणि ओरडत होता, "हँडब्रेक! हँडब्रेक तसाच हाय!" तिनं तो सोडला आणि ती गेली.