तिसरी पायरी

वासुदेवभाऊ शिट्टी फुंकत आणि ती तोंडात तशीच धरून सायकलवर टांग मारत. जवाहरनगर ते आंधळगाव या सायकल शर्यतीचे आयोजक, पंच आणि स्पर्धक तेच. एकदा चढावर त्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली धरली, लगेच स्वतःवरच शिट्टी वाजवली आणि स्वतःला बाद केलं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर शर्यत हाच त्यांचा जीव होता. पूर्वी रस्ता अडेल इतकी पोरं येत. मग पोरांनी मोटारसायकली घेतल्या, काही नोकरीसाठी पुण्याला गेली आणि भाऊ व त्यांचा शेजारी मी, असे दोघेच उरलो. मी म्हटलं, आता बंद करा. भाऊंनी खोक्यांच्या फळ्या ठोकून स्वतः बनवलेला विजयमंच दाखवला. "तीन पायऱ्या हायेत, मास्तर. तिसरीवर का बकरी उभी करू?" आवाज चढा होता, पण डोळे घाबरलेले होते. शर्यत संपली की आपणही संपलो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या वर्षी शर्यतीच्या सकाळी सुदामा ढिवर मासळीची टोपली घेऊन सायकलवर चालला होता. भाऊंनी त्याच्या पाठीला नंबर बांधला.

"मी तं बजारात जाऊन राहिलो, भाऊ."

"शर्यतबी तिकडंच जाऊन राहिली."

सुदामा गावोगावी थांबून मासळी तोलत आला. तोवर आम्ही दोघं आंधळगावच्या बाजारात मंचावर उन्हात उभे. शेवटचा पोचल्याशिवाय कोणालाच हार घालायचा नाही, हा भाऊंचा नियम. मी कुरकुरलो की म्हणत, "मागं राह्यला म्हणून का झालं? तोबी निंगालाच होता ना."

पुढे दरवर्षी आम्ही तिघंच शर्यतीत उतरलो. गेल्या दिवाळीनंतर भाऊ झोपेतच गेले. मला वाटलं, शर्यतही गेली. ती मला किती हवी होती, हे तेव्हा कळलं. पण ठरल्या दिवशी सुदामा पाठीला नंबर बांधून दारात हजर. "चला ना, मास्तर."

त्या दिवशी तो वाटेत कुठेच थांबला नाही आणि पहिला आला. बाजारात आम्ही आपापल्या पायरीवर चढलो. मी हार उचलला, तसा त्याने माझा हात धरला.

"थांबा, मास्तर. भाऊ यायचे हायेत अजून."

खाली गिऱ्हाईकं ओरडत होती, टोपलीवर माश्या घोंगावत होत्या. आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.