वसंताचं गाऱ्हाणं

विम्याच्या ऑफिसात माणूस मरणाविषयी बोलायला येतो आणि भलत्याच गोष्टी सांगून जातो. त्या साठत राहतात. मालवणजवळच्या कट्टा गावात, एसटी थांब्यासमोर माझा शाळासोबती वसंत आयुर्विम्याचं काम करतो. निवृत्तीनंतर मी तिथे फॉर्म भरायला बसतो. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, पीएचडी मृत्युदरावर केली, तरी साधी शिंक आली की मी स्वतःची नाडी मोजतो. या वयात माझा विमा कोणी उतरवणार नाही, हे वसंताने मला हसत सांगितलं. मी ते मनाला लावून घेतलंय.

*

धामापूरचे एक काजूवाले, एकटेच राहणारे. नॉमिनी म्हणून त्यांनी ग्रामदेवीचं नाव सांगितलं.

"नातं?"

"आई."

"वय?"

"तुमी एवढे शिकलात मां, अंदाजान घाला."

मी खरोखरच अंदाज बांधू लागलो होतो. वसंताने पेन काढून घेतलं.

*

पिंगुळीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. "काही व्यसन?" मी विचारलं.

"नाय."

मागून बायको म्हणाली, "भजन लिवा. लग्नापासून शनवारी घरात गावूक नाय."

मी काही लिहिलं नाही. मग दोन दिवस काळजी, ही माहिती लपवली असं तर होत नाही ना?

*

तुळशी मालवणहून माशांची पाटी घेऊन रोज एसटीने कट्ट्यात येते. नवरा बबली होडीवर. दोन मुली शाळेत. वारा सुटला की तुळशीचा जीव थाऱ्यावर नसे, पण बबली विम्याचं नाव काढू देईना. "सही केली की माणूस मरता," हे त्याचं मत. पाच वर्षं मागे लागून तिने एकदाचा त्याला आणला.

आमच्याकडे सहीआधी वसंत देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने मागणं मागतो. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी होकार द्यायचा. त्या दिवशी तो रंगात आला.

"बा देवा म्हाराजा, ह्यो बबली आज पॉलिसी घेता, तेका संभाळून घे!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या पॉलिसीचा फळ तेच्या बायल-पोरांक लवकरात लवकर मिळू दे!"

"होय म्हाराजा!"

माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. अर्थ मला नंतर कळला. बबलीला आधीच कळला होता.

"फळ म्हंजे माझां मराण मां?" पेन ठेवून तो सरळ एसटीत जाऊन बसला.

*

दुसऱ्या दिवशी तुळशी आली. "मास्तरानू, वसंताचा सोडा. तुमी शिकलेले, तुमी तरी गप ऱ्हवाचा."

विषय बदलायला मी विचारलं, घर कसं चालतं?

"ह्यो चार दिस दर्यार जाता, त्यातले दोन रिकामो येता. मगे मी लिलावात घेतंय नि विकतंय. गिऱ्हायकां माझी, पोरींची फी माझी."

मी जरा चाचरतच म्हणालो, "मग विमा आधी तुमचा हवा. बबली गेला तर घर कसंबसं चालेल. तुम्ही गेलात तर बंद पडेल. म्हणजे मला तसं वाटतं. चुकतही असेन."

तुळशीने पाटी बाजूला सरकवली. मग पेन मागून तिने स्वतःच्या फॉर्मवर सही केली. नॉमिनी बबली.

घरी जाऊन माझं वाक्य तिने त्याला जसंच्या तसं ऐकवलं.

*

चार दिवसांनी एसटी थांबली. आधी पाटी उतरली, ती बबलीच्या डोक्यावर. मागून तुळशी, मोकळ्या हातांनी.

"बाजूक हो गो, रिक्षा येता." त्याने तिला ओढलंच.

"सोड रे, लोक बघतत."

वसंताने पायरीवरून विचारलं, "बबल्या, आज दर्यार नाय?"

"नाय. हिका काय झाला तर?"

पाटी पायरीवर ठेवून तो आत आला. पिशवीतून नारळ काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"मास्तरानू, माझो पण फॉर्म काढा. हिना सही केल्यान, मगे मी एकटो मागे ऱ्हवान काय करू?"

वसंत लगबगीने उठला. बबलीने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू गप ऱ्हव. गाऱ्हाणां मी घालतलंय."