नवऱ्याचं नाव

ओरोसजवळच्या एका वृद्धाश्रमात मी दोन वर्षं परिचारिका होते आणि स्वतःला फार मायाळू समजत होते. ठाकरवाडीतली एक आजी पाय मोडून आमच्याकडे आली. पाय जुळल्यावर ती रोज बोचकं बांधून, खाट सोडून जमिनीवर बसायची आणि घरी कधी सोडणार म्हणून विचारायची. घरी ती एकटीच. त्यामुळे सोडण्याआधी तिची स्मरणशक्ती तपासायची होती. पास झाली तर घर, नापास झाली तर जाळीच्या दाराची मागची खोली.

प्रश्न छापील होते.

“आजची तारीख?”

“आज कुडाळचो बाजार. परवा अमाशा.”

बुधवार होता आणि परवा खरंच अमावास्या होती. पण कागदाला तारीख हवी होती. मी शून्य दिलं.

“नवऱ्याचं नाव?”

ती पदर तोंडाला लावून हसली. “घोवाचा नाव कसा घेव गो? तुजी आवस घेता?”

माझी आई मालवणात मासे विकते. कोणाच्या बापाला भीत नाही, पण बाबांचं नाव तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. रेशनच्या दुकानात नाव सांगायला ती मलाच पुढे करायची. हे सगळं ठाऊक असून मी लिहिलं, ‘आठवत नाही’. मागे आमचे डॉक्टरसाहेब उभे होते. “या वाडीवरच्या लोकांचं असंच,” ते म्हणाले. मी मान डोलावली. त्यांच्यासमोर माझ्या आईचा विषय काढायची मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

मागच्या खोलीत नेताना तिचं बोचकं मीच काढून घेतलं. चार दिवस ती दाराशी जमिनीवर बसून राहिली. पाचव्या दिवशी ताट घेऊन गेले तर ती जाळी धरून उभी होती. जमिनीकडे बघत तिने नवऱ्याचं नाव घेतलं, त्याच्या बापाच्या नावासकट. मग पुन्हा, मोठ्याने.

“घेतलंय मा नाव? आता घराक धाड गो माका.”

मी साहेबांकडे धावले. “मेलेल्या नवऱ्याला हाका मारतेय,” ते म्हणाले, “झोपेची गोळी वाढवा.” मी वाढवली. तरी झाडूवाली दिसो, स्वयंपाकीण दिसो, ती प्रत्येकीला ते नाव ऐकवायची. जीभ जड झाल्यावरही ऐकवायची.

दोन महिन्यांनी ती गेली. मृत्यूच्या कागदावर नवऱ्याच्या नावाचा रकाना होता. तो भरायला मला कोणालाच विचारावं लागलं नाही.