दीड इंच खाली

गाडीची उंची कमी करायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हा सासूबाई पुण्याहून येऊन आमच्याकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला राहिल्या होत्या. चाळिशी उलटलेल्या माणसाने असलं काही करावं हे मला पटेना. मी म्हटलं, "अरे, सगळे उंच गाड्या घेतायत, आणि तू आहे ती खाली काय करतोयस?" त्याने मला ड्राइव्हवेवर नेऊन टायर आणि वरच्या पत्र्यामधली फट दाखवली. चार बोटं सहज आत जात होती. एवढ्या फटीमुळे गाडी आखूड पँट घातल्यासारखी दिसते, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याने उडाणटप्पूपणा केला असं मी म्हणणार नाही. तो मुळात इंजिनिअर, त्यातून आयटीतला, म्हणजे कुठल्याही गोष्टीचा कीस काढणारा. पॅरामॅटाच्या ऑफिसात डबा खाताना याच विषयावर वाचायचा आणि रात्रीच्या जेवणाला मला शिकवायचा. नुसती दिसायला खाली आणली की गाडी वळणावर बिघडते. म्हणून स्प्रिंग आखूड हवी तशी कडकही हवी, शॉक ॲब्सॉर्बर तिला साजेसे हवेत, चाकांचं अलाइनमेंट नव्याने करायला हवं. खाली एक रबराचा ठोकळा असतो. स्प्रिंग पूर्ण दबली की गाडी त्याच्यावर आपटते. "पण तिथपर्यंत वेळच येत नाही," तो म्हणाला. नियमात बसेल एवढीच, दीड इंच, गाडी खाली झाली.

दिसायला लागली मात्र झकास. मी स्वतः चालवून पाहिली तर राउंडअबाउटवर पूर्वीसारखी डुलत नव्हती, स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळत होती. तो ऑफिसहून आला की आत येण्याआधी उकिडवा बसून चाकांकडे बघायचा. सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "छान बसलीय रे आता." तेवढ्याने त्याचा चेहरा असा फुलला की मला हसू आलं.

फक्त त्याचं सगळं गणित एकट्या ड्रायव्हरचं होतं. तपासायला गेला तो एकटाच, त्याच त्या वळणांवर. आपल्या लोकांची गाडी एकट्याची असते कधी? आमची मुलगी, तिचं युनिव्हर्सिटीचं दप्तर, आम्ही दोघं, सासूबाई, आणि डिकीत पेंडल हिलच्या देशी दुकानांतून आणलेली तांदळाची नि कणकेची पोती. त्यात सासूबाई पुढे बसायला तयार नसत. मुलाशेजारी सुनेने बसावं, नवरा-बायकोने जोडीने बसावं, हा त्यांचा नेम. त्या मागे, मागच्या चाकाच्या बरोबर वर.

पहिल्याच शनिवारी तो आवाज आला. आमच्या वसाहतीतल्या स्पीड हंपवरून उतरताना मागून ठक्. मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट नॉर्मल." तो म्हणाला, "लोड आहे ना आज." मी आरशात पाहिलं. सासूबाईंनी खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

मग मी बघतच राहिले. हंप दिसला की त्या हातांवर जोर देऊन सीटवरून जराशा उचलल्या जायच्या. ठक् झालं की हळूच खाली बसायच्या. ओठ घट्ट मिटलेले. घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून पडायच्या, आणि मी खोलीत गेले की पिशवी पांघरुणाखाली सरकवायच्या. जिना चढताना मधेच थांबून भिंतीवरचे फोटो निरखायला लागल्या. ते फोटो त्यांनी शंभरदा पाहिले होते. त्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच्या गोळ्या चालू होत्या. मला धास्ती बसली. काहीतरी होणार, असं मला त्या दिवसांत सतत वाटायचं, भाजी चिरतानासुद्धा.

मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "आईंना त्रास होतोय. ते जुनं परत बसव." तो चरकला, नाही असं नाही. लगेच उठून त्यांच्याकडे गेला. तिथेच घोळ झाला. आईला तिच्या लेकाने तोंडावर विचारायचं, आणि तेही त्याने इतक्या हौसेने केलेल्या गोष्टीबद्दल.

"आई, तुला गाडीत त्रास होतो का गं?"

"छे रे. मला काय होतंय? उलट आता हलत नाही, मळमळत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. विषय संपला.

तो गेल्यावर मी चिडून म्हटलं, "आई, खोटं का बोललात?" त्या मटार सोलत होत्या. "अगं, मोटारसायकल मागत होता तर ह्यांनी घेऊ दिली नाही. चित्रं काढायचा, ती बंद केली. अभ्यास कर म्हटलं, केला. इकडे जा म्हटलं, आला. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मनाचं काहीतरी केलंय त्याने. मी आहे अजून थोडे दिवस. तू यात पडू नकोस." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. मला त्यांची दयाही आली आणि संतापही.

त्या परत जायच्या आधी घरी सत्यनारायण करायचा ठरला. सामान आणायला शनिवारी दुपारी पेंडल हिलला गेलो. मुलगी आली नाही, पण तिच्या जागेवर नारळांचं पोतं आलं. डिकीत रवा, साखर, तांदूळ, वर मित्राकडून आणलेले पाट. गाडी मागून आणखी बसली होती. मी म्हटलं, "आई, आज तरी पुढे बसा." त्यांनी मान हलवली आणि नारळांशेजारी शिरल्या.

येताना पाऊस भुरभुरत होता. नवीन घरांसाठी पाइप टाकायला रस्ता आडवा खणून बुजवला होता. डांबराचा तो पट्टा खचून त्यात पाणी साचलेलं, त्यामुळे खळगा दिसलाच नाही. नवरा सावकाशच चालवत होता. गाडी आत गेली आणि मागून असा दणका बसला की माझे दात आपटले. सासूबाईंच्या तोंडून श्वास बाहेर पडल्याचा आवाज आला, बस.

"सॉरी, आई. लागलं का?"

"नाही रे. चल तू."

घरी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही सामान आत घ्या, मी जरा बसते." आम्ही घेतलं. पोती, पाट, नारळ, सगळं आत गेलं, तरी त्या तशाच बसून. नवरा पाट मांडायला आत थांबला आणि मी बाहेर आले. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"मला उठता येत नाहीये गं. त्याला सांग, चक्कर आली."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

इमर्जन्सीत नर्सने विचारलं, एक ते दहात दुखणं किती. नवऱ्याने ते आईला मराठीत विचारलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन." त्याने भाबडेपणाने तेच सांगितलं. नर्सने त्यांच्या चादर आवळलेल्या मुठी पाहिल्या आणि म्हणाली, "गिव्ह अस अ मिनिट, मेट." तो बाहेर गेला. मग तिने मला खूण केली. मी पुन्हा विचारलं.

"नऊ," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याला दोनच सांग. तुला माझी शपथ आहे."

मणका चेपला होता. डॉक्टरांनी एक्स-रेत दाखवलं, एक मणका पुढून पाचरीसारखा झालेला. जवळचा दुसराही जुना चेपलेला, काही आठवड्यांपूर्वीचा असावा, असं ते म्हणाले.

मी बाहेर आले. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "आई काय म्हणाली?" मी शपथ मानली नाही. नऊ सांगितलं, दुसऱ्या मणक्याचं सांगितलं, हँडल धरून उचललं जाणंही सांगितलं. तो खाली फरशीवरच बसला. त्याला तसं पाहून मला भडभडून आलं, तरी सांगितल्याचा पश्चात्ताप झाला नाही.

तो आत गेला. आईच्या हाताला कपाळ लावून रडायला लागला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

पुण्याला परत जाईपर्यंत त्या मुलाशी, नातीशी नेहमीसारख्या बोलत होत्या. त्यांना अंघोळ मीच घालायचे, पाठीचा पट्टा मीच बांधायचे. त्या हात वर करायच्या, वळ म्हटलं की वळायच्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.