मुबीनशिवाय चाललेलं कोठार

मुबीन अन्सारी आणि मी अंबडच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं स्टोअरला होतो. सहाशे खाने. कुठलं बेअरिंग कुठल्या खान्यात, हे फक्त मला ठाऊक. मी रजेवर गेलो की लाइन अडायची. त्याचा मला माज होता. मुबीन म्हणायचा, "हिरामणभाऊ, खान्यांवर नावं लिहा ना." मी लिहिली नाहीत.

निवृत्तीनंतर मी घरी बसलो. मुबीन पन्नाशीत संगणक शिकला. आता इथल्याच द्वारका चौकाजवळच्या एका संस्थेत तीस शाळांच्या संगणकांचं कोठार सांभाळतो. शाळांत लिनक्स आहे, तेही दोन जातींचं. प्रोग्रॅमची पॅकेजं संस्थेच्या सर्व्हरवर ठेवायची. शाळेतला संगणक तिथून आपोआप उचलतो. आधी ज्याला जसं सुचलं तसं त्याने ठेवलं होतं. निम्म्या शाळांना पॅकेज सापडायचंच नाही. मुबीनने सगळं एका साच्यात बसवलं. आधी लिनक्सचं नाव, मग आवृत्ती, मग प्रोसेसर, मग पॅकेजं. दोन्ही जातींना तोच क्रम. आठ महिने लागले, रविवार धरून. कष्टात तो कमी पडला नाही, हे मान्य करतो.

पण त्याला लोक 'सर' म्हणतात. मला कधी कोणी म्हटलं नाही.

जानेवारीत नवी आवृत्ती शाळांना द्यायची होती. वार शनिवार. त्याच दिवशी मालेगावात त्याच्या नाझियाचा निकाह. संस्थेच्या दिवाकर साहेबांनी बजावलं होतं, अडलं तर पुढच्या वर्षाचं काम दुसऱ्याला. त्या दिवशी उघडायला मुबीनने सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. काम संस्थेतली नवी मुलगी आभा करणार होती. तिला नोकरीला लागून पंधरा दिवस झाले होते.

"तू थांबत नाहीस?"

"मी मुलीचा बाप आहे, भाऊ. सर्व्हरचा नाही."

शनिवारी मी खुर्ची टाकून बसलो. अडावं असं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

आभाने जुन्या आवृत्तीशेजारी नवं फोल्डर केलं. आत तीच मांडणी केली, पॅकेजं टाकली, त्यांची यादी बनवली.

"मुबीनला एकदा विचार."

"कशाला काका? मागच्यासारखंच तर आहे."

"आणि चुकलं तर?"

"तुम्ही चहा घ्या, काका."

सटाण्याच्या शाळेने सगळ्यांत आधी उचललं. दुपारी तीनपर्यंत तिसावी शाळा झाली. तेवढ्यात मुबीनचा फोन आला. मागे भांड्यांचा गोंगाट.

"माझी आठवण काढली का कोणी?"

"नाही."

"मग बिर्याणी पचेल."

शाबास म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "साहेब अजून आले नाहीत."

"येतील," म्हणून त्याने फोन ठेवला.

साहेब पाचला आले. पडद्यावर तीस शाळांच्या नावांपुढच्या खुणा पाहिल्या आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर सही केली. मुबीन कुठे आहे, हे त्यांनी विचारलंही नाही. मला तेच सहन झालं नाही.