खांडीवरचे आबा

'लाभार्थी' हा शब्द कानावर पडला की आबा थुंकायचे. खरोखर थुंकायचे, मग समोर तलाठी असो की ग्रामसेवक. "लाभ कसला रं? जमीन आमची, घाम आमचा, आनी आमाला लाभार्थी म्हनतात! मी काय फुकट जेवायला पंगतीत बसलोय?" ग्रामसेवक बिचारा म्हणायचा, "आबा, फॉर्मवर तसंच छापलंय हो." "मग छापनाऱ्याला घेऊन ये हितं."

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पेणपासून खाडीच्या अंगाला आमचं गाव. त्यांचा स्वतःचा शब्द एकच, 'गाववाले'. एसटीचा कंडक्टर असो, रोह्याचा डॉक्टर असो, सगळे गाववाले. एकदा पेणला गणपतीच्या कारखान्यात आम्ही मूर्ती ठरवायला गेलो होतो. तिथं मुंबईची एक बाई आबांकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "खेड्यातली माणसं किती साधी असतात ना!" आबा लगेच वळले. "साधी? ओ गाववाले, येकदा आमच्या ग्रामसभेला या. खुर्च्या मोजून आत देतो नी मोजून भायेर घेतो." बाई कसंनुसं हसली. मला मात्र तेव्हा आबांचीच लाज वाटली होती. आता त्या लाजेची लाज वाटते.

आमच्या शेतांना आणि खाडीला वेगळं ठेवतो तो मातीचा बांध. तो फुटला की त्याला आम्ही खांड पडली म्हणतो. खांडीतून खारं पाणी शेतात शिरलं की पुढची तीन-चार वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. म्हणून गावाची रीत अशी, की आबांनी पत्र्याचा डबा बडवला की प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर. भांडण असो, सुतक असो, लग्न असो. पुढची भरती चढायच्या आत पेंढा, काठ्या, चिखल घालून खांड बुजवायची. चिखलाचे गोळे हातोहात जायचे आणि आबा खांडीच्या तोंडाशी छातीभर पाण्यात उभे राहून ओरडायचे, "आन रं! आन गो!" चाळीस वर्षं हे चाललं. त्यांनी एकही भरती चुकवली नाही.

मी शिकलो आणि पेणला बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत चिकटलो. आबांनी गावभर पेढे वाटले. "आता आपला मानूस आत हाय," म्हणाले. आत काय होतं ते त्यांना कुठं माहीत! आत 'सदर इसम' होते, 'बाधित', 'अर्जदार' होते. साहेब चहा पिता पिता म्हणायचे, "ही गावंढळ माणसं. अक्कल शून्य, नुसता गोंधळ." आणि आम्ही सगळे खी खी हसायचो. मीसुद्धा. माझ्या बापाच्या पायांच्या भेगांत जन्मभर तोच चिखल होता आणि मी साहेबाच्या बशीत बिस्किटं ठेवत हसत होतो. शी! आठवलं तरी तोंड कडू होतं.

त्या वर्षी पावसाळ्यात बांधाला खांड पडली. लहानच होती, ढांग टाकून ओलांडता येईल एवढी. दोन दिवसांनी उधाणाची भरती होती. आबांनी डबा बडवला, माणसं जमली आणि त्यांनी आपला म्हणून मला फोन केला. मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "त्यांना हात लावू देऊ नकोस. गावठी काम करून ठेवतील आणि मग वर आपल्याला उत्तरं द्यावी लागतील. मशीन पाठवतो." मी तसं पत्र टाइप केलं, 'ग्रामस्थांनी कामात हस्तक्षेप करू नये.' अरे, बांध त्यांचा, आणि हस्तक्षेपही त्यांचाच!

"आबा, तू थांब," मी फोनवर म्हणालो. "उद्या मशीन येतंय."

"नक्की येतंय नं?"

"नक्की."

मशीन आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. उधाण मात्र ठरल्या वेळेला आलं आणि खांडीतून होडी जाईल एवढी वाट झाली. गावाचं लावलेलं सगळं भात आठवडाभरात तांबडं पडलं. पंचनाम्याला मीच गेलो, हातात यादी घेऊन. यादीच्या डोक्यावर तोच छापील शब्द होता, 'लाभार्थी'. आबांनी मुकाट सही केली. त्यापेक्षा त्यांनी मला मुस्काडीत मारली असती तर बरं झालं असतं.

नंतर ते रोह्याजवळ वरसेला लेकीच्या फ्लॅटवर राहायला गेले. जन्मात गाव न सोडलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालच्या पार्किंगकडे बघायचा. मी एका रविवारी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. शेवटी म्हणालो, "आबा, माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? तू कचेरीत आयकलंस ते सांगितलंस. थांबलो मी." त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. "पाटलाची सून डोक्यावर टोपली घेऊन उभी व्हती. ती म्हनली, आबा, भरून टाकू, मशीन आलं तर आलं. मीच तिला माघारी धाडली. म्हनलं, आपला मानूस हाय थितं, तो खोटं नाय सांगनार. आता त्या लोकांना कंचं तोंड दाखवू? म्हनून हितं येऊन बसलोय."

गणपतीच्या आधी आबा गेले. गावाला न्यायचं नाही, असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं. मला ते सोयीचंच वाटलं, खोटं कशाला बोलू? गावाला कळवलंसुद्धा नाही. रोह्यात आम्ही पाच-सहा जणांनी उरकलं.

चौथ्या दिवशी फोन आला. पाटलाची सून होती. आधी मला यथेच्छ शिव्या घातल्या, मग रडायला लागली. "आमाला न इचारता आमचा आबा जाळलास? सगला गाव आला असता रं. त्याच्यावर कोन रागावलं व्हतं?"

मी म्हणालो, "तेच म्हणाले होते, गावाला आणू नका."

"आनी तू आयकलंस?" ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.