‘मस्ट’पुढे ‘टू’ नको

लेस्टरमधल्या आमच्या परसातल्या सफरचंदाच्या झाडाला एका हिवाळ्यात डुकराची चरबी लागली. कारण इंग्रजी व्याकरण.

हे ऐकून माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात तसं तुम्हीही बघत असाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमचं घर शुद्ध शाकाहारी. मटण-मासे तर सोडाच, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. आमच्या केतकीच्या वाढदिवसाचा केक बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती बेकरीतून बिनअंड्याचा यायचा, आणि तो घेतानाही सुधा (म्हणजे माझी बायको) त्या बिचाऱ्या दुकानदाराची उलटतपासणी घ्यायची. अशा घराच्या झाडाला चरबी!

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कौन्सिलच्या ऑफिसात कारकुनी करत होतो, पण त्याआधी सांगलीच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि ती खाज काही गेली नव्हती. आमच्या समोरच्या घरात पेत्रो नावाचे म्हातारे युक्रेनियन गृहस्थ राहत. लढाई संपल्यावर इकडे आले, होजियरीच्या कारखान्यात उभा जन्म काढला, बायको गेली, आणि आता मागच्या अंगणात कोबी लावून दिवस घालवत. त्यांच्याकडे त्यांची भाची आली, हलिना. पस्तिशीची, उंचनिंच, हाताला सतत काम लागणारी. इंग्रजी मात्र ‘हॅलो’ आणि ‘बस स्टॉप’ एवढंच.

जवळच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा निघणार होती. ती हलिनाला मिळाली, तर मामा-भाची लेस्टरमध्येच राहणार. नाही मिळाली, तर पेत्रोंची मुलगी दोघांना ब्रॅडफर्डला घेऊन जाणार. म्हाताऱ्याला आपलं घर सोडायचं नव्हतं. हे सगळं त्यांनी मला रस्त्यात गाठून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मिस्टर जोग, कुड यू...?" पुढचं वाक्य पुरं करायची वेळच आली नाही. मी त्या ‘कुड’वरच विरघळलो.

दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. मी ठरवलं, कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, वुड एवढं पक्कं करायचं. या देशात इतकं जमलं की माणसाला सगळं मिळतं. आपल्याकडे कसं, ‘मीठ दे’ म्हटलं की मीठ येतं. इथे ‘मीठ मिळू शकेल का, फार त्रास होणार नसेल तर’ असं म्हणेपर्यंत भाजी निवते, पण माणूस सभ्य ठरतो! हलिना हुशार होती, भराभर उचलायची. एकच खोड जाईना. तिच्या भाषेच्या सवयीनं ती प्रत्येक ठिकाणी मध्ये एक ‘टू’ घुसवायची. ‘आय मस्ट टू गो.’ ‘आय कॅन टू कुक.’

"मस्टपुढे टू नको!" मी टेबलावर फूटपट्टी आपटायचो. "नो टू!"

"नो टू," ती म्हणायची. "आय मस्ट टू रिमेंबर."

फी मी घेत नव्हतो. विद्यादान! पण फुकट शिकायचं म्हणजे हलिनाचा जीव जाई. ती पहिल्याच आठवड्यात काकडीचं लोणचं घेऊन आली. आता रिकामी बरणी परत करणं सुधाच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून तिनं त्यात चिवडा भरून दिला. हलिनाच्या गावीही रिकामं भांडं परत करत नसत. तिनं त्याच बरणीतून मध पाठवला. त्यावर आमच्याकडून चकल्या गेल्या. संक्रांतीला तिळाचे लाडू गेले, आणि त्या लाडवांच्या डब्यातून ते आलं.

पांढऱ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली, कपड्याच्या साबणाएवढी एक वडी होती. हलिनानं ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"सालो," ती म्हणाली. "आय मेक. सॉल्ट. गार्लिक. विंटर, टीचर मस्ट टू ईट!"

"मस्ट ईट," मी सुधारलं. "थँक यू! व्हॉट इज इट?"

"पिग," ती अभिमानानं म्हणाली. "फॅट."

आता पहा. मला फक्त ‘आय कान्ट ईट इट’ एवढंच म्हणायचं होतं. पहिल्या धड्यातलं वाक्य! तिच्याकडून मी ते शंभरदा घोकून घेतलं होतं. पण तिचे ते पुढे केलेले हात, तो चेहरा... भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

"लव्हली!" मी म्हणालो. "माय फेव्हरिट!"

स्वयंपाकघरात काहीतरी जोरात पडलं. बहुधा डाव.

हलिना गेल्यावर सुधा बाहेर आली. "हे माझ्या फ्रिजमध्ये जाणार नाही."

"मग कुठे ठेवू?"

"टाकून द्या."

"अगं, अन्न आहे ते. तिनं स्वतःच्या हातानं केलंय."

"मग खा! तुमचं फेव्हरिट आहे ना?"

तोडगा केतकीनं काढला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिच्या मराठीत सगळ्या वस्तूंची लिंगं तिच्या मर्जीनुसार बदलत. "बाबा, माझा मिस सांगते, विंटरमध्ये बर्ड्सना फॅट लागते. ट्रीला हँग करायचा!"

अन्नाचा अपमान नाही, घर बाटणार नाही, आणि वर भूतदया! मी सुतळी घेऊन ती वडी सफरचंदाच्या झाडाला बांधली. सुधानं मला त्यासाठी बागकामाचे हातमोजे दिले, आणि नंतर ते हातमोजेही टाकायला लावले.

पुढच्या शनिवारी हलिनानं विचारलं, "सालो फिनिश?"

"ऑल फिनिश्ड!" मी म्हणालो. (खोटं काहीच नव्हतं. कुणी फिनिश केलं हे तिनं विचारलं नाही.)

तिचा चेहरा असा फुलला की मला स्वतःचीच लाज वाटली. त्यापुढच्या शनिवारी दुप्पट मोठी वडी आली. मग मिरपूड लावलेली. मग गुलाबी रेघांची, खास सणासुदीची! फेब्रुवारीत आमचं झाड लगडलं. पाखरांनी तर आख्ख्या लेस्टरमध्ये निरोप धाडले असावेत. टिट आले, ठिपक्यांच्या साळुंक्या आल्या, दांडगे मॅगपाय आले, आणि झाडाखाली दोन-चार मांजरं पंगतीला बसल्यासारखी ओळीनं बसायला लागली. शेजारच्या मिसेस प्लॅट मला म्हणाल्या, "यू माइट वॉन्ट टु हॅव अ लुक ॲट युअर ट्री, मिस्टर जोग." हे ‘माइट’चं इतकं सुरेख उदाहरण होतं की मी घरात येऊन ते लगेच पुढच्या धड्यासाठी लिहून ठेवलं. झाडाकडे काही बघितलं नाही.

अडचण एकच होती. जेवणघराची खिडकी परसाकडे उघडते. शनिवारी हलिना यायच्या आधी मी पडदे ओढून घ्यायचो. "उन्हाचा त्रास होतो," असं तिला सांगितलं होतं. फेब्रुवारीत! लेस्टरमध्ये! तरी तिनं विश्वास ठेवला, कारण मी तिचा शिक्षक होतो.

मुलाखत सोमवारी होती. आधीच्या शनिवारी मी दोन भाग आखले. आधी ‘माइट, कुड, मस्ट’ वापरून अंदाज बांधायचा सराव, आणि मग खरी गोष्ट, म्हणजे मुलाखतीची रंगीत तालीम. तुम्हाला इथे काम का करावंसं वाटतं, वगैरे. हलिना निळा कोट घालून, केस नीट बांधून आली होती. मी पुस्तक उघडलं आणि वर पाहिलं. खिडकीला पडदेच नव्हते. सुधानं धुवायला काढले होते!

मी उठून खिडकीपुढे आडवा उभा राहिलो. पण मी काही पडद्याएवढा रुंद नाही.

"टीचर," हलिना माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "ऑन ट्री... इट माइट बी चीज?"

वाक्य बरोबर होतं. "व्हेरी गुड," मी म्हणालो. सवय!

"इट कुड बी सोप?"

"एक्सलंट."

ती उठून खिडकीशी आली. मिरपुडीची वडी वाऱ्यावर हलत होती. तिला एक मॅगपाय उलटा लटकला होता. हलिनानं काचेला नाक लावलं. मग हळूच म्हणाली, "इट मस्ट टू बी माय सालो."

"मस्ट बी," मी म्हणालो. "नो टू."

देवाशपथ सांगतो, तोंडातून निघून गेलं. जीभ हाडाशिवायची, त्यातून शिक्षकाची! सुधानं स्वयंपाकघराच्या दारात कपाळावर हात मारला. हलिनानं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा नुसता पडला. तिनं पुस्तक मिटलं, पिशवी उचलली, कोटाची बटणं लावली.

"आय मस्ट गो," ती म्हणाली आणि गेली.

यात ‘टू’ नव्हता. आणि मला, निर्लज्जाला, त्या क्षणीसुद्धा ते जाणवलं.

"जा तिच्या मागं!" सुधा ओरडली. "सॉरी म्हणा!"

"आत्ता ती रागात असेल. उद्या जातो."

रविवारी सुधानं पहाटे उठून पुरण घातलं. आमच्याकडे माफी तोंडानं मागत नाहीत, वाढून मागतात. पोळ्यांचा गरम डबा घेऊन मी समोरच्या दारात उभा राहिलो. दार पेत्रोंनी उघडलं. हलिनाचे बूट तिथेच दारामागे दिसत होते.

"शी इज टायर्ड," ते म्हणाले.

तेव्हा तरी मी चार सरळ शब्द बोलायचे! मी काय म्हणालो? "प्लीज टेल हर, टुमॉरो शी शुड स्पीक स्लोली."

पेत्रोंनी मान हलवली, डबा घेतला आणि दार लावलं.

सोमवारी संध्याकाळी डबा आमच्या पायरीवर ठेवलेला सापडला. लख्ख घासलेला होता. सुधानं झाकण उघडलं आणि ती तशीच खुर्चीत बसली. डबा रिकामा होता.

"एवढं तर आपल्याकडेसुद्धा कुणी तोडत नाही हो," ती म्हणाली.

नोकरी हलिनाला मिळाली नाही. पेत्रोंनी आठवड्यानं रस्त्यात सांगितलं. "दे आस्क्ड हर व्हाय शी वुड लाइक द जॉब. शी सेड नथिंग." तोच प्रश्न मी शनिवारच्या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवला होता. आता ती तो ऐकून अडखळली, की माझ्या घरून जे मन घेऊन गेली त्यानं गप्प झाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही अपराध माझ्याच दारी येतात. त्या महिन्यात मी झाडावरची सुतळीन् सुतळी कापून काढली. पाखरं दोन दिवस कुंपणावर येऊन माझ्याकडे बघत बसली, आणि मला वाईट वाटायला तेवढंही पुरत होतं.

ईस्टरच्या सुमारास पेत्रोंच्या दारात ब्रॅडफर्डची व्हॅन लागली. मी सामान उचलायला जावं म्हणून बूट घालत होतो, तोच आमची बेल वाजली. दारात हलिना होती. तोच निळा कोट.

"टीचर," ती म्हणाली, "यू कुड हॅव टोल्ड मी."

‘कुड हॅव’पर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. कुठे शिकली, देव जाणे.

"आय शुड हॅव," मी म्हणालो. "आय ॲम सॉरी, हलिना. आय ॲम व्हेरी, व्हेरी सॉरी." मग मला वाटलं, तिला जरा बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. "द बर्ड्स लाइक्ड इट व्हेरी मच."

सुधानं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. पण हलिनाच्या ओठाचा कोपरा हलला.

"नाऊ आय ॲम टीचर," ती म्हणाली. "रिपीट. आय कान्ट ईट इट."

"आय कान्ट ईट इट."

"लाउडर."

"आय कान्ट ईट इट!" मी ओरडलो. मिसेस प्लॅट आपलं लेटरबॉक्स पुसत होत्या. त्या मान वर न करता तेच पुसत राहिल्या.

"अगेन."

मी पुन्हा म्हणालो. इतकं स्वच्छ, इतकं ठणठणीत, की सांगलीच्या शाळेच्या इन्स्पेक्टरनं शाबासकी दिली असती. हलिना हसली. मग तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून एक डबा काढला. सुरेख पत्र्याचा, वर फुलं काढलेली.

"हनी केक," ती म्हणाली. "फॉर यू. आय आस्क्ड अंकल, आय आस्क्ड इन शॉप, व्हॉट कॅन इंडियन ईट. नो मीट. नो पिग. ओन्ली हनी, बटर, फ्लाउर..." ती आठवायला थांबली. "अँड एग्ज. मेनी, मेनी एग्ज!"

माझ्यामागे सुधाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. वाक्य तर जिभेवरच होतं. तीनदा घोकलेलं, अजून गरम होतं. हलिना डबा पुढे धरून उभी होती. व्हॅनवाल्यानं हॉर्न वाजवला. पेत्रो पुढच्या सीटवरून, मांडीवर कोबीच्या रोपांचा ट्रे घेऊन, आमच्याकडे बघत होते.

"ओह, हलिना," मी डबा घेत म्हणालो. "हाऊ लव्हली! यू शुडन्ट हॅव!"

व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली. समोरच्या घराच्या खिडक्या उघड्या-बोडक्या दिसत होत्या. त्या दोघांशी आमची गाठ पुन्हा कधी पडली नाही. मी डबा छातीशी धरून पायरीवर तसाच उभा होतो.

"अहो," सुधा म्हणाली, "तुम्हाला खरंच ‘नाही’ म्हणता येत नाही का हो?"

"येतं की," मी म्हणालो. "शिकवतासुद्धा येतं."